तापाचे एकशे दोन आणि उन्हाचे पंचेचाळीस : दोन मापांचा हिशोब



उन्हाळा लागला की ग्रामसंघाच्या बैठकीत दोन आकडे हमखास कानावर येतात. एक उन्हाचा : "अकोल्यात काल पंचेचाळीस होतं म्हणे." दुसरा तापाचा : "लेकराले एकशे दोन ताप हाये." दोन्ही आकडे गरमीचेच. मग एखादी ताई विचारते, आणि बरोबरच विचारते, "काऊन वं, पंचेचाळीसमध्ये माणूस भाजून निघते, अन् एकशे दोनच्या लेकराले आपण कडेवर घेऊन फिरतो. हे कसं काय?"

उत्तर सोपं आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या मापातले आहेत. ऊन आपण सेल्सिअसमध्ये सांगतो आणि ताप फॅरनहाइटमध्ये. सोनं तोळ्यात आणि साखर किलोत, तसंच हे. पण सोनं आणि साखर यांची गल्लत कोणी करत नाही, या दोन मापांची मात्र होते. बचत गटाच्या घरात आता डिजिटल थर्मामीटर आले आहेत. त्यातल्या काहींवर ३९ असं दिसतं. ज्या बाईला ९८ आणि १०२ ची सवय आहे, तिला ३९ म्हणजे "काहीच नाई" असं वाटतं. खरं म्हणजे ३९ हा चांगला सणसणीत ताप आहे. आकडा वाचता आला, पण माप कोणतं ते कळलं नाही, तर लेकरू रात्रभर तापात राहू शकतं. म्हणून या अंकात हा हिशोब नीट समजून घेऊ.

दोन मापं आली कुठून?

डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म १६८६ मध्ये आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात झाला. मोजमापाची उपकरणं बनवणं हा त्यांचा धंदा. पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर त्यांनी बनवला आणि १७२४ मध्ये आपलं माप जाहीर केलं. या मापात आज बर्फ वितळतो तो बिंदू ३२ आणि पाणी उकळतं तो २१२ धरतात.

पुढे १७४२ मध्ये स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी बर्फ आणि उकळतं पाणी यांच्यामध्ये सरळ शंभर भाग पाडले. गंमत म्हणजे त्यांनी उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० म्हटलं होतं! त्यांच्या नंतर लोकांनी ते उलटं केलं, आणि आज बर्फ ० व उकळतं पाणी १०० असं आपण म्हणतो.

इंग्रजांच्या काळात आपल्याकडे फॅरनहाइट चालायचं. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजनमापांचा नवा कायदा झाला, शेर-मण जाऊन किलो आले, मैल जाऊन किलोमीटर आले. हवामान खातं सेल्सिअसमध्ये बोलू लागलं. पण तापाचा थर्मामीटर मात्र घराघरात फॅरनहाइटचाच राहिला. म्हणून आज एकाच घरात टीव्हीवर एक माप आणि औषधाच्या डब्यात दुसरं माप आहे.

अक्षर कसं ओळखायचं?

मशीनवर आकड्याच्या शेजारी एक बारीक इंग्रजी अक्षर असतं. इंग्रजी येत नसलं तरी आकारावरून ओळखता येतं. 'सी' म्हणजे चंद्रकोरीसारखं, उजव्या बाजूला तोंड उघडं असलेलं. ते सेल्सिअसचं. 'एफ' म्हणजे उभा खांब आणि त्याला उजवीकडे दोन आडव्या काड्या. ते फॅरनहाइटचं. काही मशीनमध्ये बटण जरा वेळ दाबून धरलं तर माप आपोआप बदलतं. लेकरं खेळता खेळता ते करून ठेवतात. म्हणून आधी अक्षर पाहायचं, मग आकडा वाचायचा.

खातेवहीतला हिशोब

आता एकाचं दुसऱ्यात कसं करायचं? आपण गटाची वही लिहिणाऱ्या बाया आहोत, तर वहीच्याच भाषेत समजून घेऊ.

समजा, सी आणि एफ अशी दोन खाती आहेत. सीचं खातं शून्यापासून सुरू झालं. एफच्या खात्यात मात्र सुरुवातीलाच ३२ ची आरंभीची शिल्लक आहे. त्यानंतर सीच्या खात्यात ५ जमा झाले की एफच्या खात्यात ९ जमा होतात. बस, एवढंच. बर्फ ते उकळतं पाणी हे अंतर सीमध्ये १०० आणि एफमध्ये १८०. दोन्हीला २० ने भागा, ५ आणि ९ येतात. तिथून हे प्रमाण आलं.

म्हणून पायऱ्या अशा चढतात :

सी ० म्हणजे एफ ३२ (बर्फ वितळतो)
सी ५ म्हणजे एफ ४१
सी १० म्हणजे एफ ५०
सी १५ म्हणजे एफ ५९
सी २० म्हणजे एफ ६८
सी २५ म्हणजे एफ ७७
सी ३० म्हणजे एफ ८६
सी ३५ म्हणजे एफ ९५
सी ४० म्हणजे एफ १०४
सी ४५ म्हणजे एफ ११३

डावीकडे पाच वाढवत जा, उजवीकडे नऊ. नवाचा पाढा येणारी कोणतीही ताई ही यादी स्वतः लिहू शकते.

मधला आकडा आला तर तोंडी हिशोब असा करा. सीचा आकडा दुप्पट करा. त्यातून त्याचा दहावा भाग कमी करा. मग आरंभीची शिल्लक ३२ मिळवा. उदाहरण : सी ३९. दुप्पट ७८. दहावा भाग ७.८, तो गेला की उरले ७०.२. त्यात ३२ मिळवले, झाले १०२.२. म्हणजे मशीनवरचे ३९ आणि आपल्या बोलण्यातले "एकशे दोन" हे एकच.

उलटं करायचं असेल तर आधी ३२ वजा करा, मग ९ ने भागून ५ ने गुणा. एफ १०४ घ्या. ३२ गेले, उरले ७२. नवाने भागले, ८. पाचाने गुणले, ४०. आधी शिल्लक काढायची आणि मग भागाकार करायचा, हा क्रम चुकवू नका.

अंगाचा ताप : पहिला आकडा पाहा

हिशोब करायला वेळ नसेल, लेकरू रडत असेल, तर एक खूण लक्षात ठेवा. माणसाचं अंग सीमध्ये साधारण ३५ ते ४२ च्या मध्ये असतं आणि एफमध्ये ९५ ते १०८ च्या मध्ये. हे दोन घेर कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आकडा तिसा-चाळिसातला असेल तर तो सीचाच, आणि नव्वद-शंभरातला असेल तर एफचाच. अक्षर पुसलं गेलं असलं तरी एवढ्यावरून माप कळतं.

पाठ करायला चार जोड्या पुरेत :

३७ म्हणजे ९८.६ : नेहमीचं अंग
३८ म्हणजे १००.४ : ताप आहे
३९ म्हणजे १०२.२ : जास्त ताप
४० म्हणजे १०४ : थांबू नका, दवाखाना गाठा

९८.६ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो एवढा बारीक का, हे कोणी सांगत नाही. १८६८ मध्ये जर्मनीतले डॉक्टर वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांचं तापमान मोजून साधारण ३७ हा सीचा आकडा मांडला. त्याचं एफ केलं की ९८.६ येतं. म्हणजे तो मुळात ३७ चाच तर्जुमा आहे. त्यामुळे मशीनवर ९८.१ किंवा ९९ आलं तर घाबरू नका. सकाळी अंग जरा थंड असतं, संध्याकाळी जरा गरम. काखेतलं माप तोंडातल्या मापापेक्षा थोडं कमी येतं. म्हणून डॉक्टरला सांगताना आकडा, माप आणि जागा, तिन्ही सांगा : "काखेत लावलं, सेल्सिअसमध्ये, ३८.५ आलं."

तान्ह्या बाळासाठी हिशोब अजून नाजूक आहे. बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ (एफमध्ये ९७.७ ते ९९.५) असावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग ३७.५ किंवा त्याहून वर गेलं, किंवा ३५.५ च्या (एफ ९५.९) खाली आलं, तर दोन्ही धोक्याची खूण आहे. आपण तापाला भितो, पण बाळ गार पडणं तेवढंच वाईट. मेळघाटातल्या, चिखलदऱ्याच्या वरच्या गावांतल्या तायांनी हिवाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावं. बाळ गार वाटलं तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, दूध पाजत राहा आणि आशाताईला बोलवा.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी येऊन बाळाचं तापमान आणि वजन घेते, ही पद्धत मुळात आपल्या विदर्भातूनच पुढे गेली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम उभं केलं. २०११ पासून ती पद्धत देशभर आशाताईंकडे आली. कमी शिकलेल्या बायांनी थर्मामीटर वाचला आणि बाळं वाचली. तेव्हा "हे आपल्याले कुठं जमते" असं म्हणायचं कारण नाही.

मे महिन्यातला थर्मामीटर

एक गोष्ट वऱ्हाडातच जास्त घडते, म्हणून वेगळी सांगते. तापाचा थर्मामीटर साधारण ४२ सी किंवा १०८ एफपर्यंतच मोजतो. आपल्या टिनाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी हवाच त्याच्यापेक्षा गरम असते! काचेच्या थर्मामीटरचा पारा अंगाला लावायच्या आधीच वर चढून बसतो, आणि फार तापला तर नळी फुटूही शकते. म्हणून तो खिडकीत, टिनाखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. माठाच्या जवळ, सावलीत, डब्यात ठेवा. वापरण्याआधी गार पाण्याने धुवा, झटकून पारा ९५ च्या खाली आणा, मग लावा. गरम पाण्याने कधी धुवू नका. कपाळावर धरायची बंदूक असेल तर उन्हातून आल्या-आल्या मोजू नका. कपाळच तापलेलं असतं, आकडा खोटा येतो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसल्यावर मोजा.

उन्हाचा आकडा काय सांगतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पंचेचाळीसचं ऊन म्हणजे एफमध्ये ११३. आपलं अंग ९८.६. म्हणजे बाहेरची हवा आपल्या अंगापेक्षा चौदा-पंधरा अंशांनी गरम. हवा अंगापेक्षा गार असली की अंगातली गरमी बाहेर जाते. हवा ३७ सीच्या वर गेली की उलटं होतं, बाहेरचीच गरमी अंगात शिरते. मग घाम सुकणं हाच एक उपाय उरतो, आणि घामाला पाणी लागतं. म्हणूनच नवतप्यात नुसता पंखा लावला तर तो गरम हवाच फेकतो. ओला दुपट्टा अंगावर घेऊन पंख्यासमोर बसलं तर खरा गारवा मिळतो. कूलरचंही तत्त्व हेच.

आणि बातमीतला आकडा सावलीतला असतो. हवामान खातं थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवतं. वावरात डोक्यावर सरळ ऊन असताना अंगाला जाणवणारा मार त्याहून जास्त असतो.

मैदानी भागात कमाल तापमान ४० सीच्या वर जाऊन नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. सरळ ४५ गाठले तरी लाट, आणि ४७ गाठले तर तीव्र लाट. मे २०२४ मध्ये अकोल्यात ऊन ४५ च्या वर गेलं तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय द्यायची, खासगी शिकवण्या भर दुपारी घ्यायच्या नाहीत, असे आदेश होते. ऊन हा प्रशासनाने दखल घ्यायचा विषय आहे, हे त्यातून दिसतं. म्हणून रोजगार हमीच्या कामावर किंवा वावरात सावली, पाणी आणि सकाळची वेळ मागताना "लई ऊन हाये" एवढंच म्हणू नका. "आज पंचेचाळीस आहे, लाटेचा इशारा आहे" असं सांगा. आकडा सांगितला की मुकादमालाही उडवून लावता येत नाही.

उन्हाचा आणि अंगाचा आकडा एका जागी मात्र भेटतो : ४० सी, १०४ एफ. उन्हात काम करणाऱ्या बाईचं अंगच ४० च्या वर गेलं, ती असंबद्ध बोलू लागली, चक्कर येऊन पडली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी थर्मामीटर शोधत बसू नका. तिला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही. आणि हा १०८ तापाचा नाही, गाडीचा नंबर आहे, हेही घरातल्या लेकरांना सांगून ठेवा!

वाढ सांगताना ३२ धरायचे नाहीत

इथे शिकलेलेही अडखळतात. "उद्या तापमान २ ते ३ अंशांनी वाढेल" असं बातमीत सांगतात. हे २-३ सीचे अंश. एफमध्ये किती? तोंडी हिशोब केला तर ३ ची दुप्पट ६, दहावा भाग गेला ५.४. इथेच थांबायचं. ३२ मिळवायचे नाहीत. कारण आपण वाढ मोजतोय, आणि ३२ ही आरंभीची शिल्लक आहे. या महिन्यात गटाची बचत किती वाढली हे सांगताना आपण मागची शिल्लक धरतो का? नाही ना. तसंच हे.

कोंबडीपालन करणाऱ्या तायांना हे रोज लागतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ९५ एफची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी करायची, असं प्रशिक्षणात सांगतात. तुमच्या शेडमधला थर्मामीटर सीचा असेल तर ९५ म्हणजे ३५. आणि ५ एफ कमी म्हणजे सीमध्ये साधारण ३ कमी. म्हणून ३५, मग ३२, मग २९ असं उतरवा. पण नुसत्या आकड्यावर भरवसा नको. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते, लांब पळून चोच उघडी टाकली तर गरम होतंय.

शेळीचंही ऐका. शेळीचं नेहमीचं अंग साधारण ३९ सी, म्हणजे १०२ एफच्या आसपास असतं. माणसाला जो ताप, तो शेळीला तब्येत ठीक असल्याची खूण! गाय-म्हशीचं साधारण १०१.५ एफ, म्हणजे ३८.६ सी. तेव्हा पशुसखीला फोन करताना "बकरीले एकशे दोन आला" म्हणून घाबरू नका. जनावराचा थर्मामीटर मात्र वेगळा ठेवा, घरातला वापरू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

पुढच्या साप्ताहिक बैठकीला घरातला थर्मामीटर सोबत आणा. प्रत्येकीने आपल्या मशीनवरचं अक्षर ओळखून दाखवावं. मग गटाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने पाडा, डावीकडे सी, उजवीकडे एफ, आणि ३५ पासून ४५ पर्यंतच्या जोड्या लिहा. ज्या ताईला लिहिता येत नाही तिने तोंडी म्हणून दाखवावं : सदतीसला अठ्ठ्याण्णव, अडतीसला शंभर, एकोणचाळीसला एकशे दोन, चाळीसला एकशे चार. आरोग्याचं काम पाहणाऱ्या सदस्याने हे पान नवतपा लागायच्या आधी गावातल्या आशाताईला दाखवून तपासून घ्यावं.

सचिवताईंनी इतिवृत्तात एक ओळ लिहावी : गटातल्या किती घरांत थर्मामीटर आहे, आणि किती घरांत नाही. जिथे नाही तिथे गटाच्या अंतर्गत कर्जातून घेता येईल, ही काही मोठी रक्कम नाही. पुढच्या महिन्यात प्रभाग संघात मी त्याच ओळीबद्दल विचारणार आहे.